तिथीची पाऊणपट

कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल, तर अलिबागचा माणूस आधी पंचांग बघतो. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. येईल त्या आकड्याला समुद्राला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. सकाळी एकदा, मग साधारण साडेबारा तासांनी पुन्हा एकदा, आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी. हा हिशेब तोंडी आहे, म्हणून थोडा ढोबळही आहे. चंद्राच्या चालीमुळे भरती दर तिथीला सुमारे अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटे पुढे सरकते. पाऊणपटीत मात्र पंचेचाळीसच धरलेली असतात. त्यामुळे पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येते आणि पाणी भरते बाराच्या आसपास. तरी कागद-पेन्सिल न घेता, मोबाइलला रेंज नसताना, होडीत उभ्याउभ्या वापरता येणारे दुसरे कोष्टक अजून कोणी दिलेले नाही.

हौसेने गळ टाकायला रायगडच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्याला पहिला धक्का बसतो तो इथेच. त्याने रजा काढलेली असते शनिवारची, आणि होडीवाला विचारतो, ‘तिथी कोणती?’ पाहुण्याला सकाळी आठला निघायचे असते, पण आठला खाडीच्या तोंडाशी चिखल उघडा पडलेला असतो. अशा सफरीत रॉड कोणता, रीळ कोणते, दोर किती पौंडाची, यावर शहरात तासन्‌तास चर्चा झडतात. मासा लागतो तो मात्र बहुधा पाणी वळण्याच्या अर्ध्या-पाऊण तासात, आणि ती वेळ सामानाच्या दुकानात विकत मिळत नाही.

भाड्याची बोट, सोबत वाटाड्या, सगळे सामान त्याचेच आणि पाहुण्याने फक्त मासा ओढायचा, ही कल्पना मूळची अमेरिकेतली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या कॅटलिना बेटावर अ‍ॅव्हलॉन या गावी १८९८ मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी ट्यूना क्लब काढला. राक्षसी ट्यूना जाड दोराने खेचून काढण्याऐवजी बारीक दोरीवर, रॉडने, माशालाही निसटण्याची संधी देऊन धरायचा, असा त्या क्लबचा नेम होता. पुढे १९३९ मध्ये इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन स्थापन झाली आणि या छंदाला जागतिक नियम मिळाले. त्यातला एक नियम रायगडच्या होडीवर हमखास मोडला जातो: मासा लागल्यापासून वर येईपर्यंत रॉडला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. इथे रॉड वाकला रे वाकला की खलाशी, होडीचा म्होरक्या तांडेल आणि पाहुण्याचा मेहुणा असे तिघेही धावतात.

भारतात इंग्रज अधिकाऱ्यांनी गळाचे वेड आणले. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये निघाले आणि कित्येक वर्षे तेच इथल्या शौकिनांचे मार्गदर्शक राहिले. पण साहेबांचा जीव मुख्यतः डोंगरी नद्यांतल्या महसीरमध्ये. मुंबईकरांनीही पुढे पवई तलावाच्या काठी बसून गोड्या पाण्यातलीच हौस भागवली. समुद्रातल्या सफरींचे नाव झाले ते अलीकडे, अंदमानात, जिथे प्रवाळाच्या कडेला ट्रेव्हलीसारखे दांडगे मासे मिळतात आणि परदेशी पाहुणे त्यासाठी मुद्दाम येतात. गोव्यात पर्यटकांना तास-दोन तास होडीतून फिरवून गळ हातात देणाऱ्या सफरी बऱ्याच वर्षांपासून आहेत. रायगडात हा धंदा अजून कंपन्यांच्या पाट्यांपेक्षा ओळखीपाळखीवर चालतो. किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळी कुटुंबाची होडी असते, घरातला तरुण मुलगा लूर आणि जिग या कृत्रिम आमिषांची भाषा शिकलेला असतो, आणि त्याचा बाप किंवा काका पाण्याची भाषा जाणत असतो. दोघे एकाच होडीत असले तर पाहुण्याचे नशीब.

मुंबईहून येणे आता सोपे झाले आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि गाडीसकट तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरता येऊ लागले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा अटल सेतू खुला झाल्यावर उरण-पेणकडचा रस्ताही जवळ आला. साहजिकच ज्याने आयुष्यात बादलीबाहेर मासा पाहिलेला नाही असाही माणूस रॉड घेऊन येतो, आणि ज्याने अंदमान पालथे घातले आहे असाही. या दोघांना एकाच किनाऱ्यावर कसे सामावून घ्यायचे, याचे उत्तर रायगडच्या भूगोलातच आहे.

उत्तरेला उरण-करंजा आणि धरमतरची खाडी, मग मांडवा, थळ, अलिबाग, आक्षी. रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते. पुढे कोर्लई, काशीद, मुरूड. मग राजपुरीची रुंद खाडी, दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि शेवटी सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी, जिच्या पलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो. म्हणजे थोड्याथोड्या अंतरावर एकेक खाडी, तिच्या तोंडाशी खडक, खडकावर बहुतेक वेळा किल्ला, आणि बाहेर उघडा समुद्र. नवख्याला खाडी, सरावलेल्याला खडक, मुरलेल्याला बाहेरचे पाणी, अशी वाटणी होडीवाले न बोलता करतात.

खाडीत लाट नसते, हा नवख्याचा पहिला फायदा. होडी नांगरायची, गळाला कोळंबी लावायची, शिशाचे वजन तळाला टेकेपर्यंत दोर सोडायची आणि बोटावर तिचा ताण धरून बसायचे. पोराबाळांना घेऊन गरवायला येणाऱ्यांसाठी याहून चांगली शाळा नाही. लागतात ते मासे बहुधा किरकोळ: ढोमी, एखादी वाम, आणि शिंगाळा तर ठरलेलाच. शिंगाळा वर आला की पाहुणे खूश होतात आणि तांडेल सावध होतो. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचा काटा दातेरी आणि विषारी असतो; हातात घुसला तर कळ कोपरापर्यंत जाते. जाणता खलाशी पाहुण्याला तो मासा हाताळूच देत नाही, पकडीने गळ सोडवतो. कोणाला काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवणे हा सर्वत्र सांगितला जाणारा पहिला उपाय आहे, कारण हे विष उष्णतेने निकामी होते. पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही तोच उपाय. त्यानंतर डॉक्टरकडे जायचेच, ते चुकत नाही.

शिंगाळ्याला बाजारात मान नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. पण याच जातीतला नर अंडी तोंडात धरून हिंडतो. पिल्ले बाहेर पडेपर्यंत तो जवळजवळ उपाशी असतो. तोंडात गोट्यांएवढी अंडी असलेला शिंगाळा जाळ्यात सापडतो तेव्हा ती सारी पिढी डेकवर सांडते. होडीवर शाळकरी मुले असतील, तर ही गोष्ट सांगणारा वाटाड्या त्या दिवसाचे पैसे वसूल करून देतो.

खाडीचा खरा मालक मात्र जिताडा.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात या माशाची प्रतिष्ठा वेगळीच आहे. शेततळ्यात जिताडे सोडून वाढवायचे आणि घरी पाहुणा आला, लग्न ठरले किंवा कचेरीत काम अडले की एक काढायचा, ही इथली जुनी रीत. साहेबाच्या घरी जिताडा पोचला की फाइल हलते, असे इथे अर्धे थट्टेने आणि अर्धे गांभीर्याने म्हणतात. जगात इतरत्र, विशेषतः ऑस्ट्रेलियात, याच माशाला बारामुंडी म्हणतात आणि त्याच्यामागे मोठा पर्यटन व्यवसाय उभा आहे. जागतिक विक्रमातला बारामुंडी चव्वेचाळीस किलोंहून जड होता. तो क्वीन्सलँडच्या एका जलाशयात सापडला.

जिताड्याचे चरित्र समजले की त्याला कुठे शोधायचे हेही समजते. हा मासा खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमेवर जगतो. वाढतो खाडीत, नदीत, खाजणात. अंडी घालायला मात्र त्याला खारे पाणी लागते, म्हणून तो नदीच्या मुखाकडे उतरतो. स्वभावाने तो दबा धरून बसणारा आहे. धावून शिकार करण्यापेक्षा पुलाच्या खांबाआड, बुडलेल्या झाडाच्या बुंध्याशी, तिवरांच्या मुळांच्या कडेला, खडकाच्या मागच्या संथ पाण्यात उभा राहतो आणि प्रवाह जे समोर आणून देईल ते गिळतो. ओहोटी लागली की तिवरांत शिरलेली बोय आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर यायला लागते. तिच्या वाटेवर जिताडा थांबलेला असतो. भरती वळते त्या वेळी प्रवाह क्षणभर थबकतो, मग उलट दिशेने चालू लागतो, आणि जिताडा खांबाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. तांडेल होडी पन्नास हात सरकवतो तेव्हा पाहुण्याला वाटते की हा उगीच डिझेल जाळतोय. वास्तविक मासा जिथे गेला, तिथेच होडी जात असते.

तिथीचे दुसरे कामही इथे दिसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या किनाऱ्यावर पाणी चार मीटर आणि कधी त्याहून जास्त चढते-उतरते. अष्टमीच्या आसपास, भांगाला, हा फरक जेमतेम निम्मा राहतो. उधाणाचे पाणी खाडीचा तळ ढवळून काढते. चहासारख्या गढूळ पाण्यात रंगीत लूर दिसणार कोणाला? भांगाला पाणी निवळते, पण इतके मंद होते की माशाला उठण्याचे कारणच राहत नाही. म्हणून उधाण आणि भांग यांच्या मधल्या तिथी अनेक वाटाडे पसंत करतात. गढूळ पाण्यातही जिताडा सापडतो, कारण त्याच्या अंगावरची संवेदनरेषा पाण्यातली हालचाल टिपते. तेव्हा शेपूट जोरात हलवणारी रबरी लूर किंवा आत गोळ्या खुळखुळणारा कृत्रिम मासा वापरायचा. बऱ्याच जणांचा तर कशावरच विश्वास नसतो, फक्त जिवंत कोळंबीवर असतो, आणि रायगडच्या खाड्यांत त्यांना चूक म्हणणे कठीण आहे.

लागल्यावर जिताडा दोन गोष्टी करतो. सरळ खांबाकडे पळतो, आणि जमले नाही तर पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो. त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की दोर तिच्यावर घासली की तुटलीच. त्यासाठी मुख्य दोरीच्या टोकाला जाड नायलॉनचा हातभर-दोन हात तुकडा जोडतात. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोर किती ओढीला सुटू द्यायची याचा पेच, दोरीच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ठेवतात. नवखा माणूस घाबरून तो पेच आवळतो, आणि पुढच्या क्षणी होडीत शांतता पसरते.

खाडीतून बाहेर पडून खडकांकडे गेले की खेळ बदलतो. थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी ही जोड बेटे आहेत. खांदेरीवर १८६७ पासून दीपगृह आहे आणि कोळ्यांचा वेताळ त्याहून कितीतरी आधीपासून. शिवाजी महाराजांच्या माणसांनी १६७९ मध्ये हे बेट ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी मोठी जहाजे आणून नाकेबंदी केली. पण थळच्या किनाऱ्यावरून मराठ्यांची लहान होडकी रात्री उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिली. खडक कुठे आहे, किती भरतीला कोणत्या फटीतून होडी जाते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते बेट राखले. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी घेतली ही गोष्ट वेगळी. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरीही आहे. ज्या फटींनी तेव्हा इंग्रजांची पंचाईत केली, त्याच फटींत आज हेकरू आणि तांबोशी दडतात.

मुरूडच्या बाजूचीही अशीच कथा सांगतात. जंजिऱ्याच्या तटाला रात्रीच्या अंधारात शिड्या लावण्याची कामगिरी लाय पाटील या सोनकोळी सरदाराने आपल्या माणसांनिशी केली. मागून यायची कुमक वेळेत आली नाही आणि शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली तेव्हा तो म्हणाला की दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची. मग त्याला ‘पालखी’ नावाची होडीच बांधून दिली गेली, अशी आख्यायिका आहे. त्या रात्री भरती किती वाजता होती, हे लाय पाटलाला कोणी सांगावे लागले नसणार.

खडकाळ जागी गळ टाकणे हे सरावाचे काम आहे. हेकरू लागला की कपारीत शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. पहिल्या चार-पाच सेकंदांत त्याला वर उचलला नाही तर गळ, लूर, दोर सगळे समुद्राला दान. शिवाय होडी खडकापासून किती अंतरावर ठेवायची हा निर्णय दर मिनिटाला नव्याने घ्यावा लागतो. काही जण होडी न करता कोर्लई किंवा मुरूडकडच्या खडकांवर उभे राहूनच लूर फेकतात. तिथे पायात जुने बूट हवेत, कारण खडकांवरची कालवे पात्यासारखी कापतात. आणि डोक्यात ओहोटीची वेळ हवी, कारण परतीची वाट भरतीखाली जाते. खडकावर अडकलेल्या उत्साही मंडळींना काढायला किनाऱ्यावरच्या होड्या जातात, आणि ती फुकटची सफर असते असे समजू नये.

मुरलेल्यांना हवे असते ते बाहेरचे पाणी. किनाऱ्याची हिरवी रेषा पुसट होते, पाण्याचा मातकट रंग निळसर होऊ लागतो, आणि चालत्या होडीमागून लूर ओढत सुरमईचा शोध सुरू होतो. सुरमईचे दात सुऱ्यासारखे. तिच्यासाठी टोकाला पोलादी तार लावतात. कधी सकला, कधी ट्रेव्हली. काही वेळा चार तास नुसते ऊन. पूर्वी जीपीएस नव्हते, तेव्हा तळातल्या खडकाळ जागा शोधायला तांडेल किनाऱ्यावरचे डोंगर वापरत: अमुक शिखर अमुक देवळाच्या मागे आले आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज टेकडीच्या धारेवर दिसला की इथेच दगड. अशा दोन रेषा जिथे छेदतात ती जागा बापाकडून पोराकडे येते. आता ती मोबाइलमध्ये खूण करून ठेवता येते, आणि म्हणून पाहुण्याचा मोबाइल बाहेर निघाला की काही जुन्या तांडेलांच्या कपाळावर आठी पडते. ते रास्तच आहे. चारशे लोकांना कळलेली जागा एका हंगामात रिकामी होते.

एक गमतीची गोष्ट इथेच सांगायला हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित करण्यात आले. गळवाल्यांना मात्र राज्यमाशाचे दर्शन बाजारातच घ्यावे लागते. लहान तोंडाचा पापलेट सूक्ष्म जीव आणि जेलीसारख्या मऊ प्राण्यांवर जगतो. तो गळाला क्वचितच लागतो, जाळ्यातच येतो. ‘आज दोन पापलेट काढून द्या’ म्हणणारा पाहुणा प्रत्येक हंगामात येतो, आणि वाटाडे त्याला न हसता समजावतात.

ऋतूचा हिशेब तिथीपेक्षा सोपा. खोल समुद्रातल्या यांत्रिक नौकांना गेली अनेक वर्षे १ जून ते ३१ जुलै अशी बंदी राहिली आहे, आणि ती माशांच्या विणीसाठी जितकी, तितकीच माणसांच्या जिवासाठी. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा लोटतात, पण हौशी माणसाने ऑक्टोबरपर्यंत दम धरावा. पावसाने खाड्यांत आणलेला गाळ तोवर खाली बसतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाणी आरशासारखे सपाट असते. सूर्य चढला, जमीन तापली की वारा फिरतो, खारा वारा सुटतो आणि दुपारी लाटा उठतात. बाहेरच्या पाण्यात जाणाऱ्या होड्या पहाटे पाचला निघतात त्या यासाठी. समुद्र लागण्याचा त्रास असणाऱ्याने पोट रिकामेही ठेवू नये आणि मिसळही खाऊ नये. नजर क्षितिजावर ठेवावी, मोबाइलच्या पडद्यावर नव्हे.

सुरक्षिततेबाबत मात्र ओळखीपाळखीचा कारभार पुरेसा नाही. मासेमारीसाठी नोंदलेली होडी आणि प्रवासी नेण्याचा परवाना असलेली बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवासी वाहतुकीचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळ देते. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती जोरात सुरू झाली. आधीही नियम होताच. जॅकेट बाकाखाली रचून ठेवण्याची सवय तेवढी होती. ज्या होडीत माणशी एक जॅकेट नाही, किंवा आहे पण लहान मुलाच्या मापाचे नाही, त्या होडीत पाय ठेवू नये, मग तांडेल कितीही नामांकित असो. धरमतर आणि कुंडलिकेच्या खाड्यांत कारखान्यांसाठी माल नेणाऱ्या बार्जेस ये-जा करतात. त्या सहज थांबू शकत नाहीत, त्यांच्या वाटेत नांगर टाकून गरवत बसणे म्हणजे मूर्खपणा.

ओळखपत्र जवळ हवे, यामागे इतिहास आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतली स्फोटके याच जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर मच्छिमारांना ओळखपत्रे आली, गस्त वाढली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला वाहत आलेल्या एका रिकाम्या नौकेत रायफली सापडल्या. ती नौका परदेशी मालकाची, वादळात सोडून दिलेली निघाली, पण जिल्हाभर नाकाबंदी झाली. तेव्हा पहाटे जेट्टीवर पोलिसाने नाव-गाव विचारले तर चिडण्यात अर्थ नाही.

आता राहिला कळीचा प्रश्न: धरलेल्या माशाचे काय करायचे? महाराष्ट्राने २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या माशांसाठी, कोळंबी-चिंबोऱ्यांसह, किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासे धरू नयेत, असा त्याचा अर्थ. एकदा तरी वीण झाल्याशिवाय मासा मरू नये हा हेतू. हा नियम मुख्यतः जाळ्यांसाठी केलेला असला, तरी गळवाल्याला तो पाळणे जाळेवाल्यापेक्षा फार सोपे आहे, कारण त्याच्या हातातला मासा एकटा आणि जिवंत असतो. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला, तर मासा सोडवताना जखम होत नाही. वर्तुळाकार गळ वापरला तर तो बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात रुततो, पोटात जात नाही. अट एकच, दोर ताणली जाताच झटका द्यायचा नाही, नुसती गुंडाळायची. मासा ओल्या हाताने धरायचा, फोटो पाण्याजवळच काढायचा, डोके प्रवाहाकडे करून सोडायचा.

पण जिताड्याच्या बाबतीत लहान सोडा आणि मोठा ठेवा हे गणित फसते. जिताडा जन्मतो तो नर म्हणून. काही वर्षे नर म्हणून वीण करतो आणि वाढत वाढत पुढे मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे जवळजवळ सगळे माद्याच, आणि अंडी देणाऱ्या त्याच. रावसाचेही असेच लिंगांतर होते. क्वीन्सलँडने हे ओळखून बारामुंडीला दोन मर्यादा घातल्या: अठ्ठावन्न सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि एकशे वीस सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. आपल्याकडच्या नियमात वरची मर्यादा नाही. भिंतीवरच्या फोटोसाठी जो मासा सगळ्यांना हवा असतो, तोच खाडीला सगळ्यांत जास्त हवा असतो.

यात तांडेलाची बाजूही आहे. मोठा जिताडा म्हणजे बाजारात चांगले पैसे, आणि घोळ लागली तर विचारूच नका. तिच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात सोन्याचा भाव आहे. २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका मच्छिमाराला एकाच खेपेत दीडशेहून जास्त घोळ मिळाल्या आणि त्या सव्वा कोटीहून अधिक रुपयांना गेल्या. असा मासा पाहुण्याने ‘खेळून’ पाण्यात सोडावा आणि डिझेल जाळणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात, ही अपेक्षा जरा महागच आहे. म्हणून सोडायचा असेल तर ते जेट्टीवरच ठरवावे, आणि होडीचे भाडे ठरवताना त्या सोडलेल्या माशाची किंमतही धरावी. पाहुण्याने अडीच हात लांबीची मादी परत पाण्यात घातली आणि परतल्यावर तांडेलाला बाजारभावाप्रमाणे पैसे मोजले, तर पुढच्या उधाणाला तीच खाडी, तीच मादी आणि दुसरा पाहुणा, असा व्यवहार दोघांनाही परवडतो. मध्यम आकाराचे दोन-तीन मासे घरी न्यायला मग कोणाची हरकत नसते. आगरी-कोळी मसाल्यातले जिताड्याचे कालवण करायला तेवढे पुरतात.

नवख्यांनी आणखी एक विचारून घ्यावे. लागलेला मासा पाहुण्याचा की होडीचा, हे आधी बोललेले नसेल, तर समुद्रात गोडीगुलाबीने गेलेली सफर धक्क्यावर भांडणात संपते. काही होड्यांवर सगळा मासा पाहुण्याचा असतो, काहींवर अर्धा. भाडे तासावर की खेपेवर, आमिषाची कोळंबी कोणी आणायची, तुटलेली लूर कोणाच्या खात्यावर, हेही त्यातच आले. आणि वारा फिरला म्हणून तांडेलाने मधूनच होडी वळवली तर पैसे परत मागायचे नाहीत. हे आधीच कबूल करणारा पाहुणा कोणत्याही तांडेलाला आवडतो, मग त्याला रॉड धरता येत नसला तरी चालते.